सशाचा डोळा आणि कपाळावरचे कुंकू

पंढरपुरात महाद्वाराकडून प्रदक्षिणेच्या वाटेला लागले, की दुतर्फा दुकानांतून कुंकवाच्या, बुक्क्याच्या, अष्टगंधाच्या आणि गुलालाच्या ज्या निमुळत्या राशी मोठ्या कसबाने रचून ठेवलेल्या दिसतात, त्यांच्याकडे पाहताना सौंदर्यप्रसाधनांचा उद्योग ही कल्पना आपल्या मनाला सहसा शिवत नाही. त्या उद्योगाचे नाव निघाले की आपल्यापुढे उभी राहतात ती मुंबईतील झगमगीत दालने, काचेच्या नाजूक कुप्या आणि उच्चारावयास अवघड अशी परदेशी नावे. परंतु १९४० च्या औषधिविषयक कायद्याच्या कक्षेत १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने आली, तेव्हा त्यांची जी व्याख्या मुक्रर झाली ती एवढी व्यापक आहे, की मानवी शरीराला चोळावयाची, लावावयाची, शिंपडावयाची अथवा फवारावयाची आणि त्या शरीराची स्वच्छता किंवा शोभा वाढविण्याच्या इराद्याने तयार केलेली कोणतीही वस्तू तिच्यातून सुटत नाही. आणि या कायद्याखालील नियमांच्या परिशिष्टात तर ओठांची लाली व चेहऱ्याची पावडर यांच्या पंगतीला कुंकू नावानिशी बसविलेले आहे. तेव्हा प्रसाधनांची परीक्षा प्राण्यांवर घ्यावी की न घ्यावी, हा पॅरिस आणि न्यूयॉर्क येथील धनिकांपुरता वाद आहे असे मानून सोलापूर जिल्ह्याला त्यातून अंग काढून घेता येणार नाही. माझ्या मते या वादाचा जो भाग अद्याप मिटावयाचा राहिला आहे, तो आपल्याच जिल्ह्यात येऊन थांबलेला आहे.

वास्तविक आपल्या देशात या प्रश्नाचा एक निकाल केव्हाच लागला. मे २०१४ मध्ये केंद्र सरकारने सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत १४८-सी हा नवा नियम दाखल केला, आणि प्रसाधनांच्या चाचणीसाठी कोणीही कोणत्याही प्राण्याचा वापर करू नये असा हुकूम अवघ्या एका वाक्यात, कसलाही अपवाद न ठेवता दिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून प्राण्यांवर तपासलेली प्रसाधने परदेशांतून आणण्यासही मज्जाव झाला. त्यापूर्वी वर्षभर, जून २०१३ मध्ये, भारतीय मानक संस्थेच्या समितीने प्रसाधनांच्या सुरक्षिततेच्या मानकातून प्राण्यांवरील चाचण्या वगळण्याचे ठरविले होते. दक्षिण आशियात असा निर्बंध घालणारे पहिले राष्ट्र भारत, ही गोष्ट आपल्या शाळांतून मुलांना शिकवावी इतक्या योग्यतेची आहे; परंतु तिची वार्ता आपल्याकडे फारशी कोणाला नाही, आणि ज्यांना आहे त्यांतील पुष्कळांनी तिचा अर्थ अर्धाच घेतला आहे. त्या उरलेल्या अर्ध्याविषयी मला लिहावयाचे आहे. मात्र त्याआधी, ज्या कृत्याला आपण मनाई केली ते कृत्य काय होते, हे एकदा डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

१९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या व भुवया रंगविण्याचे 'लॅश ल्यूर' नावाचे एक द्रव्य विकले जात असे. त्यातील कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या रंगाने काही स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, दृष्टी गेली, आणि एक स्त्री दगावली. तोवर त्या देशात प्रसाधनांवर सरकारचा कसलाच अंमल नव्हता. या आणि अशा अनर्थांतून १९३८ चा कायदा जन्मास आला. पुढे १९४४ मध्ये त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ आणि त्यांचे सहकारी यांनी डोळ्याला व त्वचेला होणारा दाह मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली, आणि ती रीत पुढील अर्धशतक जगभर प्रमाण मानली गेली. तिच्यासाठी पांढरा, लाल डोळ्यांचा ससा निवडीत. कारण त्याचा डोळा मोठा, त्याला अश्रू कमी, आणि तो ओरडत नाही. त्याला अशा खोड्यात बसवीत, की केवळ मान बाहेर राहावी आणि पंजाने डोळा चोळता येऊ नये. खालची पापणी हलकेच पुढे ओढून तिच्या खोबणीत ०.१ मिलिलिटर द्रव किंवा १०० मिलिग्रॅमपर्यंत चूर्ण सोडीत, पापण्या क्षणभर मिटून धरीत, आणि दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवीत. मग १ तासाने, २४ तासांनी, ४८ तासांनी, ७२ तासांनी आणि जरूर तर २१ दिवसांपर्यंत, त्या डोळ्याच्या पारदर्शक पटलावर किती पांढुरकेपणा आला, किती लाली चढली, किती सूज आली, किती पाणी वाहिले, याला अनुक्रमाने गुण देत. परीक्षा संपली की ससाही बहुधा संपे. त्वचेला ॲलर्जी येते की नाही हे पाहण्यासाठी गिनीपिगची पाठ भादरीत. आणि १९२७ मध्ये ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने औषधांची मात्रा ठरविण्यासाठी सुचविलेली, निम्मे प्राणी मरेतो द्रव्य देत राहण्याची जी चाचणी, तीदेखील कालांतराने शाम्पू आणि लालीपर्यंत येऊन पोहोचली.

या सर्व यातनांच्या मोबदल्यात खात्रीलायक ज्ञान तरी हाती आले असते, तर निदान कैफियत मांडावयाला जागा राहिली असती. तेही घडले नाही. सशाच्या डोळ्याला तिसरी पापणी असते, माणसाला नसते. त्याचे पारदर्शक पटल आपल्यापेक्षा पातळ असते. त्याच्या अश्रूंचे प्रमाण निराळे असते. १९७१ मध्ये अमेरिकेतील वीसहून अधिक प्रयोगशाळांना तीच द्रव्ये देऊन याच रीतीने तपासावयास सांगितले, तेव्हा एकीने ज्याला निरुपद्रवी म्हटले त्याला दुसरीने तीव्र दाहक ठरविल्याचे आढळले. म्हणजे ज्या आधारावर ग्राहकाला सुरक्षिततेचा दाखला दिला जात होता, तो आधारच डळमळीत होता. १९८० मध्ये हेन्री स्पायरा या शिक्षकाने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन रेव्लॉन या कंपनीला जाहीर सवाल केला, की सौंदर्यापायी तुम्ही किती सशांना आंधळे करता. आणि त्या एका प्रश्नाने त्या उद्योगाला पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी प्रथमच तिजोरी उघडावी लागली.

आपल्याकडे ही जाणीव आयात झाली असे कोणी समजू नये. इंग्लंडात १९५९ मध्ये निघालेल्या 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' या चळवळीची भारतीय शाखा १९७४ पासून पुण्यात काम करीत आली आहे, आणि कोणत्या प्रसाधनात प्राणिज द्रव्य आहे, कोणते प्राण्यांवर तपासलेले आहे, हे सामान्य ग्राहकाला कळावे म्हणून तिने ज्या काळी कष्ट घेतले त्या काळी डब्यावर घटकद्रव्ये छापण्याचीही रीत रुळलेली नव्हती. सोलापूरविषयी बोलावयाचे तर, या शहराच्या वस्तीतच अहिंसेचा विचार शतकानुशतके नांदत आला आहे. जीवराज गौतमचंद दोशी यांनी येथे स्थापन केलेल्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्राचीन जैन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढून देशोदेशीच्या पंडितांना ऋणी केले. आणि अपंग, भाकड जनावरांना आसरा देणाऱ्या पांजरापोळाचे नाव तर एका चौकालाच लाभले असून परगावचा उतारूही ते सहज उच्चारतो. भीमातीरी नामदेवरायांची जी कथा कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, कुत्र्याने पळविलेल्या भाकरीमागे तुपाची वाटी घेऊन धावण्याची, तिच्यावर वाढलेल्या समाजाला सशाच्या डोळ्याविषयी वेगळे प्रवचन देण्याची गरज नाही.

याहून महत्त्वाचा आधार आपल्या कायद्यातच आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल या १९५२ मध्ये राज्यसभेच्या नामनियुक्त सभासद झाल्या आणि प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्ध त्यांनी एक खाजगी विधेयक मांडले; पंडित नेहरूंनी सरकारतर्फे असा कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते परत घेतले, आणि त्या आश्वासनाचे फळ म्हणजे १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा. या कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांना सरसकट बंदी केली नाही. त्याच्या चौदाव्या कलमाने प्रयोगांना मुभा ठेवली. मात्र ती कशासाठी, हेही त्याच कलमाने सांगितले: शरीरशास्त्राच्या ज्ञानात नवी भर पडावी म्हणून, आणि जीव वाचविण्यास किंवा आयुष्य वाढविण्यास, यातना शमविण्यास, माणसांच्या, पशूंच्या अथवा वनस्पतींच्या रोगांशी झुंजण्यास उपयोगी पडेल असे ज्ञान मिळावे म्हणून. हे शब्द सावकाश वाचावेत. त्यांत ओठांच्या लालीला जागा नाही. २०१४ चा नियम हा काही नवा उपकार नव्हे. १९६० मध्ये जे तत्त्व संसदेने स्वीकारले होते, त्याची प्रसाधनांपुरती अंमलबजावणी व्हावयास चौपन्न वर्षे लागली, एवढाच त्याचा अर्थ आहे.

औषध आणि प्रसाधन यांतील हा भेद मला मोलाचा वाटतो, आणि जे लोक सर्वच प्रयोगांना एका दमात दोषी ठरवितात त्यांच्याशी मी या बाबतीत सहमत नाही. प्लेगने मुंबई इलाखा उजाड होत असताना डॉ. हाफकिन यांनी जी लस सिद्ध केली, ती प्राण्यांवर पारखल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या समाजासाठी केलेला तो प्रयोग होता, आणि ज्याने प्राण्याचा जीव धोक्यात घातला त्याने आपलाही घातला. असे प्रयोगही कमी व्हावेत, त्यांना पर्याय निघावेत, आणि पर्याय निघतील तसतसे ते बंद पडावेत, हे मला मान्य आहे. परंतु प्रसाधनाच्या बाबतीत वाट पाहण्याचेही कारण नव्हते. सुरक्षित म्हणून आधीच सिद्ध झालेली द्रव्ये हजारोंनी उपलब्ध असताना केवळ आणखी एक छटा, आणखी एक सुवास, आणखी एक चकाकी बाजारात यावी म्हणून एखाद्या जिवंत प्राण्याचा डोळा जाळण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही.

तरी या निर्बंधाला फटी आहेत, आणि त्या झाकून ठेवण्यात हित नाही. युरोपीय संघाने २००४ मध्ये तयार प्रसाधनांच्या, २००९ मध्ये त्यांच्या घटकद्रव्यांच्या प्राणिचाचण्या बंद केल्या, आणि ११ मार्च २०१३ पासून अशा मालाची विक्रीही थांबविली. तथापि रासायनिक द्रव्यांविषयीच्या दुसऱ्या कायद्याखाली, कारखान्यांतील कामगारांच्या सुरक्षिततेच्या नावाने, त्याच द्रव्यांच्या प्राणिचाचण्यांची मागणी होतच राहिली. उन्हापासून रक्षण करणाऱ्या लेपांत वापरल्या जाणाऱ्या दोन द्रव्यांविषयीचा असा एक वाद न्यायालयात गेला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने निर्वाळा दिला की प्रसाधनांच्या कायद्यातील बंदी त्या दुसऱ्या मागणीच्या आड येत नाही. एका दरवाजाने बाहेर काढलेला ससा असा दुसऱ्या दरवाजाने आत आणला जातो. आपल्याकडेही एकच द्रव्य औषधात, रंगात आणि प्रसाधनात वापरले जाऊ शकते, आणि आपला नियम केवळ प्रसाधनापुरता बोलतो. तेव्हा हे द्रव्य कोणत्या कायद्याखाली, कोणत्या तारखेला आणि कशावर तपासले गेले, याची रुजुवात आयातदाराच्या कागदपत्रांतून होणे अत्यावश्यक आहे. ही मागणी दिल्लीच्या दरबारी करावयाची आहे, आणि आपल्या खासदारांनी ती करावी.

आता त्या दुसऱ्या, आपल्या जवळच्या अर्ध्याकडे वळतो. सशावर तपासू नका, या आज्ञेत तपासू नका अशी आज्ञा दडलेली नाही. कायद्याने सशाची सुटका केली. उत्पादकाची जबाबदारी माफ केलेली नाही. परंतु प्रत्यक्षात काय घडते? मोठ्या कंपन्यांजवळ प्रयोगशाळा आहेत, त्या नव्या रीतींनी तपासतात. लहान कारखानदार पूर्वीही सशावर तपासत नव्हता आणि आताही कशावरच तपासत नाही. त्याचा माल ज्या क्षणी विकला जातो त्या क्षणी त्याची पहिली चाचणी सुरू होते, आणि ती ज्या त्वचेवर होते ती असते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या सुवासिनींची, रूपाभवानीच्या नवरात्रात ओटी भरणाऱ्या आयाबायांची, कोजागरीच्या रात्री सोलापुरातून तुळजापूरकडे अनवाणी निघालेल्या भाविकांची आणि आषाढीच्या गर्दीत चार पैशांची पुडी पदराला बांधून गावी नेणाऱ्या वारकरी म्हातारीची. तिची संमती कोणी विचारलेली नसते, निरीक्षणाची वही कोणी ठेवलेली नसते, आणि कपाळाला खाज सुटली तर ती ते देवाचे देणे समजून सोसते.

कुंकू हे मुळात असे धोक्याचे द्रव्य नव्हते. चांगली हळकुंडे निवडावयाची, लिंबाच्या रसात सवागी आणि तुरटी घालून त्यांत ती मुरवावयाची. सवागीच्या क्षारगुणाने हळदीचा पिवळा गाभा पाहता पाहता लालभडक होऊ लागतो. मग ती सावलीत वाळवावयाची, कुटावयाची, वस्त्रगाळ करावयाची. असे कुंकू रंगाने किंचित काळसर, स्पर्शाने मऊ, आणि हळदीचा मंद वास धरून असते. ते मेणाच्या ठिपक्यावर टेकविले तर दिवसभर हलत नाही. ही रीत वेळखाऊ, आणि हळदीचा भाव चढला की न परवडणारी. म्हणून बाजारातल्या पुष्कळशा कुंकवात स्टार्च किंवा शंखजिऱ्याच्या भुकटीत कृत्रिम रंग कालवलेला असतो. कृत्रिम रंग म्हणून तो वाईटच असे मी म्हणणार नाही. प्रसाधनासाठी मान्यता पावलेले रंग आहेत, आणि ते वापरून निर्दोष कुंकू करता येते. प्रश्न उद्भवतो तो कापड रंगविण्याचा स्वस्त रंग कपाळावर येतो तेव्हा. सोलापूरला हे विशेष समजावे, कारण चादरी आणि टॉवेल यांच्या रंगखान्यांत ज्यांनी आयुष्य घालविले त्यांना कोणता रंग हातावरून चार दिवस उतरत नाही आणि कोणत्या रंगाने बोटांची कातडी फाटते, हे पुस्तकावाचून ठाऊक असते.

त्वचारोगतज्ज्ञांच्या दप्तरी या गोष्टींची नोंद जुनी आहे. कुंकवातील काही रंगांमुळे कपाळावर प्रथम खाज, मग पुरळ आणि अखेर काळसर डाग उरतो. टिकलीच्या मागील चिकट द्रव्यातील पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल या रसायनाने तर बरोबर टिकलीच्या जागी त्वचेचा रंगच नाहीसा होऊन पांढरा ठिपका पडतो. तो ठिपका म्हणजे कोड, अशी समजूत होऊन लग्नाच्या मुलीच्या घरी जो हाहाकार उडतो, त्याचे वर्णन करावयास वैद्यकाची परिभाषा अपुरी आहे. शेंदराचे प्रकरण आणखी गंभीर. खरा शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. न्यू जर्सी, मुंबई आणि दिल्ली येथील दुकानांतून घेतलेल्या भांगात भरावयाच्या शेंदराच्या ११८ नमुन्यांचे परीक्षण अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत मुंबई-दिल्लीकडील नमुन्यांपैकी ४३ टक्क्यांत शिशाचे प्रमाण दर ग्रॅमला २० मायक्रोग्रॅम या मर्यादेपलीकडे गेले होते. आपल्या नियमांतही प्रसाधनातील कृत्रिम रंगासाठी शिशाची मर्यादा दहा लाखांत २० भाग आणि आर्सेनिकची २ भाग अशीच आहे, आणि शिशाची संयुगे रंग म्हणून वापरण्यास तर साफ मनाई आहे. कायदा आहे, तो पुडीपर्यंत पोहोचत नाही.

येथे एक आक्षेप हमखास निघतो, आणि तो निघावा हेही ठीक आहे. कुंकू आमच्या आजी-पणजीने लावले, त्याची परीक्षा काळाने घेतली, आता यंत्रांनी ती कशाला घ्यावयाची? ज्या हळदीच्या कुंकवाची परीक्षा काळाने घेतली त्याच्या बाजूने हा दाखला मी शिरोधार्य मानतो. परंतु पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा रासायनिक कारखान्यातून निघालेले द्रव्य त्याच नावाने त्याच करंड्यात येऊन बसले, तर पणजीच्या अनुभवाची सनद त्याला वापरता येणार नाही. दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा: मग सशावरील चाचण्याच बऱ्या होत्या, निदान काहीतरी तपासले जाई. हा आक्षेप तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. सशाच्या डोळ्याने ७२ तासांत तीव्र दाह तेवढा दाखविला असता. महिनोन्‌महिने रोज त्याच जागी लागणाऱ्या टिकलीने रंग हरपणारी त्वचा, किंवा कणाकणाने पोटात जाऊन बालकाच्या मेंदूला अपाय करणारे शिसे, यांतले काहीही त्याने दाखविले नसते. शिसे शोधावयाला प्राणी लागत नाही. धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणारे यंत्र लागते आणि ते चालविणारा प्रामाणिक माणूस लागतो. अनधिकृत रंग ओळखावयाला वर्णलेखनाची साधी पद्धत पुरते.

उरला त्वचेच्या दाहाचा प्रश्न. आणि या बाबतीत विज्ञानाने जे साधले आहे ते पाहून मन हर्षित होते. शस्त्रक्रियेच्या वेळी काढून टाकलेल्या मानवी त्वचेच्या तुकड्यातील पेशी, देणाऱ्याच्या संमतीने घेऊन, एका बारीक जाळीवर वाढवितात. खालून पोषक द्रव आणि वरून हवा मिळत गेली की त्या पेशी थरावर थर रचीत जातात, आणि काही दिवसांत मानवी बाह्यत्वचेचा एक लहानसा, खरोखरीचा तुकडा तयार होतो. परीक्षा घ्यावयाचे द्रव्य या तुकड्यावर ठराविक वेळ ठेवून धुऊन काढतात, आणि मग तो एका पिवळ्या द्रवात ठेवतात. ज्या पेशी जिवंत असतात त्या या पिवळ्या द्रव्याचे जांभळे करतात. मेलेल्या पेशींना ते साधत नाही. जांभळा रंग विरघळवून त्याची गडदता यंत्राने मोजली, की किती पेशी वाचल्या याचा आकडा मिळतो, आणि निम्म्या किंवा त्याहून कमी वाचल्या तर ते द्रव्य दाहक ठरते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१० मध्ये या रीतीला आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्थान दिले असून जगातील अनेक राष्ट्रे तिचा निकाल ग्राह्य मानतात. ही परीक्षा माणसाच्या त्वचेवर होते, म्हणून तिचे उत्तर माणसाला लागू पडते; सशाचे उत्तर आधी ससा आणि माणूस यांतील अंतर ओलांडून यावे लागे.

हे सोलापुरात आणणे अशक्य आहे काय? मला तसे वाटत नाही. जिल्ह्याला २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे, त्यात रसायनशास्त्राचे अध्यापन व संशोधन चालते; शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. धातूंचे व रंगांचे परीक्षण हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या नित्याच्या अभ्यासातले काम आहे. ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या दर्जाला नेणे हा केवळ निर्धाराचा, निधीचा आणि काटेकोर नोंदींचा प्रश्न आहे. जांभळ्या रंगाची ती त्वचापरीक्षा प्रत्येक पोत्याला लागणार नाही. एखादा नवा रंग, नवे चिकट द्रव्य किंवा नवा सुगंध वापरावयाचा झाला तर एकदाच नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे धाडला की पुरे. लहान उद्योगांच्या समूहांना सामायिक सुविधा केंद्रे उभारून देण्याची केंद्र सरकारची योजना आहे, आणि तीत चाचणीची सोयही बसते. पंढरपूरच्या कुंकू-बुक्का उत्पादकांनी एकत्र येऊन अशी दरखास्त केली तर एकेकट्याला न परवडणारा खर्च सर्वांत वाटला जाईल. मला या उत्पादकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे नाही. ज्याच्या घरात हळकुंडे मुरवून कुंकू करण्याची विद्या आहे, त्याला आज निकृष्ट, भडक, निम्म्या भावाच्या मालाशी स्पर्धा करावी लागते, आणि आपला माल चोख असल्याचे सिद्ध करावयास त्याच्या हाती कसलेही साधन नाही. चाचणीचा दाखला हे ते साधन होईल. प्राण्यांवर न तपासलेले, प्राणिज द्रव्य नसलेले, आणि तरीही शास्त्रशुद्ध रीतीने तपासलेले कुंकू अशी तीनपदरी ग्वाही देणारी पुडी पुण्या-मुंबईतच नव्हे, तर परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांतही आदराने विकत घेतली जाईल.

शासनाकडून एकच अपेक्षा आहे, आणि ती कठीण नाही. पुडीवर पूजासाहित्य असे छापले, की ती वस्तू प्रसाधनाच्या नियमांतून निसटते, हा समज अन्न व औषध प्रशासनाने जाहीरनामा काढून कायमचा मोडून काढावा. देवाच्या पायांवर वाहिलेले कुंकू पुढच्याच क्षणी भाविकाच्या कपाळी येते, हे त्या कार्यालयातील प्रत्येक मनुष्य जाणतो. परवाना, उत्पादकाचे नाव, तुकडीचा क्रमांक आणि घटकद्रव्ये यांवाचून पुडी विकली जाऊ नये. आणि पहिल्या एक-दोन वर्षांत दंडापेक्षा मार्गदर्शनावर भर असावा, म्हणजे लहान माणूस भिऊन धंदा सोडणार नाही.

परंतु शासनाच्या आधी एक काम मंदिर समितीला करता येईल, आणि त्यासाठी नव्या कायद्याची, नव्या निधीची जरूर नाही. श्रीविठ्ठल-रुक्मिणीच्या नित्योपचारांसाठी कुंकू, बुक्का, अष्टगंध यांची जी खरेदी होते तिच्या निविदेत एक अट वाढवावी, की मालासोबत शिसे, आर्सेनिक, पारा आणि रंग यांच्या परीक्षणाचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला असेल, आणि कोणत्याही टप्प्यावर प्राण्यांवर चाचणी झालेली नाही असे पुरवठादार लेखी देईल. रुक्मिणीच्या कपाळी जे लागते तेच आपल्याला हवे, असे दारात उभी असलेली प्रत्येक बाई दुकानदाराला सांगेल, आणि मग समोरच्या दुकानातील निमुळत्या राशींपुढेही तोच अहवाल लावणे दुकानदारांना भाग पडेल. पुढील आषाढीच्या खरेदीचे कागद तयार होण्यापूर्वी ही अट त्यांत घातली जावी, अशी माझी समितीला विनंती आहे.